पाण्याचं देऊळ

तळघराच्या फरशीवर भाचीने खडूने चार चिन्हं काढली होती. ज्वाला म्हणजे अग्नी, डोंगराचं टोक म्हणजे पृथ्वी, गिरकी म्हणजे वारा आणि लाटेच्या तीन रेघा म्हणजे पाणी. मधोमध एक रिकामं वर्तुळ. चारी देव त्या वर्तुळातून निघाले आणि मेलेली माणसं त्यातच परत जातात, असं तिच्या खेळातल्या जगात सगळे मानत.

वर कुठेतरी धप्प झालं. छताचा चुना गळून वाऱ्याची गिरकी अर्धी झाकली गेली.

"बॉम्ब जवळ पडला का हो?" कोपऱ्यातल्या शिंपीणकाकूंनी विचारलं.

"लांब," मामा म्हणाला. त्याला काडीचा अंदाज नव्हता.

इमारतीत उरलेली माणसं सकाळपासून खालीच होती. भाचीची आई नर्स. काल नदीपलीकडच्या इस्पितळात ड्युटीवर गेली आणि पूल बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली. म्हणून मामा इथे भाचीपाशी होता. एरवी तो एका दुकानात कुलुपं दुरुस्त करायचा. या खेळात तो अग्नीचा योद्धा होता, छातीवर ज्वाला मिरवणारा. पण फासे टाकताना घाबरून धावा करायचा तो नेमका पाण्याच्या देवीचा.

मघाशी त्याच्या फोनवर दुकानमालकाचा निरोप आला होता. 'इस्पितळावर पडलाय. ताईची काही खबर?' मामाने पाठ फिरवून दोनदा बहिणीचा नंबर लावून पाहिला. लागला नाही. मग त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि खेळत राहिला.

"तुझा योद्धा पाण्याच्या देवळापाशी आलाय," भाची म्हणाली. "आत जातोस?"

"वाऱ्याच्या वाटेने गेलो तर?"

"ती वाट बुजली. आत्ताच." तिने चुन्याकडे बोट दाखवलं.

"बरं बाई, आत गेलो. टाकू फासे?"

"इथे फासे चालत नाहीत. पाणी सगळ्यांत आधी जन्मलं, त्याला सगळं ठाऊक असतं. इथे फक्त खरं बोलायचं. पुजारीण विचारते, योद्ध्या, काय लपवतोयस?"

"योद्धा म्हणतो, त्याला भूक लागलीय."

"मामा." हा आवाज पुजारणीचा नव्हता. "तू फोन पालथा का ठेवलास?"

मामाने शिंपीणकाकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"इस्पितळावर पडलाय," तो म्हणाला. "आईचं काही कळलेलं नाही. शप्पथ, नाही कळलेलं."

भाची रडली नाही. मधल्या वर्तुळाकडे बघत राहिली.

"आई त्यात गेली?"

"माहीत नाही गं."

"मग फोन लाव."

त्याने लावला. संपर्क होऊ शकत नाही, असं एक गोड आवाजाची बाई सांगत राहिली.

"परत लाव."

त्याने परत लावला. पुन्हा तीच बाई. तेवढ्यात सगळी इमारत हादरली आणि दिवा गेला. कुणीतरी किंचाळलं. मामाने अंधारात भाचीला ओढून पोटाशी धरलं. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तशीच राहिली.

मग फोन उजळला. अनोळखी नंबर. वाईट बातमी अशाच नंबरावरून येते, असं मामाच्या मनाने घेतलं आणि त्याचा अंगठा काही केल्या हलेना. भाचीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"हॅलो?"

खरखर. माणसांचा गलका. मग, "जेवलीस का गं?"

"हो," भाची म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"मामाला छळत नाहीस ना? आम्हाला सगळ्यांना खाली हलवलंय. मी धड आहे, त्याला सांग. फोन दुसऱ्यांचा आहे, ठेवते."

फोन बंद झाला.

"आई धड आहे," भाची म्हणाली.

मामा लहान पोरासारखा हमसाहमशी रडायला लागला. शिंपीणकाकू चाचपडत आल्या आणि त्याची पाठ थोपटत राहिल्या. भाचीने फोनच्या उजेडात खडू शोधला, चुन्याखाली झाकलेली गिरकी पुन्हा काढायला वाकली, आणि तेव्हा कुठे तिचे दात वाजायला लागले.