वाराच्या दिवशी चारी चाकं

माणसानं मातीशी असलेली नाळ तोडू नये, यावर परशरामचा गाढ विश्वास होता. म्हणून तर त्यानं चारही चाकांना जोर लावणारी छोटी एसयूव्ही घेतली. आधीच्या गाडीचा बंपर मातीला घासायचा.

मंगळवारी सकाळी त्यानं ती गावच्या शिवारात घातली. शेजारच्या सीटवर कॉलेजला जाणारी लेक आरोही, फोनवर व्हिडिओ काढत. बेळगावात त्याचा एक गाडीवाल्यांचा ग्रुप होता. रस्ता संपला की पुढच्या दोनशे मीटरांना ते 'सोपा ऑफ-रोड' म्हणत. पण आजची फेरी हौसेची नव्हती. गावच्या देवस्थान पंच कमिटीत एक जागा रिकामी होती, रविवारी नाव ठरणार होतं, आणि परशरामच्या नावावर एकच हरकत होती : तो आता शहरातला झाला. तेव्हा गावानं आपल्याला एकदा शिवारात बघावं, एवढ्यासाठी त्यानं रजा काढली होती.

भात कापून नेलेलं. शिवारात चिटपाखरू नव्हतं.

"पप्पा, आज कुणीच कसं नाही?"

"शेतीची ओढच राहिली नाही गं लोकांना," परशराम खेदानं म्हणाला आणि त्यानं बांध ओलांडला.

जमीन वरून वाळलेली दिसत होती. आतून नव्हती. दहा हातांवर गाडी पोटापर्यंत बसली. परशरामनं शांतपणे बटण फिरवलं, 'मड' लावलं. मग 'सँड'. मग उरलंच होतं म्हणून 'स्नो'. चारही चाकं इमानानं फिरली आणि प्रत्येकानं आपापला खड्डा खणला.

तेवढ्यात रस्त्यावर मष्णू दिसला. परशरामचा थोरला चुलतभाऊ. धुतलेले कपडे, हात मागं बांधलेले, फिरायला निघाल्यासारखा. परशरामनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अण्णा! बरं झालं आलास. ट्रॅक्टर आण की जरा."

"वार हाय न्हवं आज."

पाच मंगळवार गावानं देवीचा वार धरला होता. हा तिसरा. वाराला शेतात औत जात नाही, ट्रॅक्टर जात नाही, खुरपंसुद्धा जात नाही. शिवार त्या दिवशी देवीचं.

परशरामचा चेहरा उतरला. "मग दोरी लावून चार माणसांनी..."

"मानसं आत याय पायजेत की." मष्णूनं आपल्या चपला डांबरावरच आहेत ना, ते एकदा बघून घेतलं. "उद्या येतो. सातला."

"अण्णा, तू तरी आपला..."

"म्हनून तर उभारलोय न्हवं."

वाराला कुणालाच काम नसतं. अर्ध्या तासात निम्मा गाव रस्त्याच्या कडेला येऊन बसला. आक्काताई चुलतीनं बसायला पोतं आणलं होतं. शेतात पाय कुणी टाकला नाही. शेवटी काठी टेकत मारुतीराव आले, पंचांतले सर्वांत वयस्कर. रविवारी नाव तेच जाहीर करणार होते. त्यांनी गाडी बराच वेळ न्याहाळली.

"चारीबी चाकं फिरत्यात व्हय रं हिची?"

"व्हय आप्पा. चारी."

"दोनच फिरली असती तर निम्माच वार मोडला असता बघ."

हसू रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. आरोहीनं फोन खाली ठेवला.

परशराम दार उघडून उतरला. बूट घोट्यापर्यंत आत गेला. गुन्हा खिडकीतून कबूल करू नये, एवढं त्याला अजून कळत होतं.

"आप्पा, देवीच्यान, मला ठाऊक न्हवतं," तो म्हणाला. शहरातली भाषा कधी गळून पडली, त्याचं त्यालाच समजलं नाही. "ठाऊक असतं तर मी चाक घातलं असतं व्हय? माझा बा ह्याच शेतात राबून गेला. पर मला कोन सांगतंय? गावात काय बी ठरलं तरी बेळगावातल्या मानसाला कोन इचारत न्हाय. वर तुम्हीच म्हनता, परशा शहरातला झाला. मी झालो का तुम्ही केला?"

रस्त्यावरचं हसू थांबलं. मारुतीरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"खरं हाय त्येचं," आक्काताई पोत्यावरून म्हणाली. "पोरास्नी कळवाय पायजे. न्हायतर त्येंनी समजायचं कसं?"

दोघातिघांनी माना हलवल्या. मारुतीरावांनीही हलवली, अगदी थोडी. परशराम चिखलात ताठ उभा राहिला. वीस वर्षांत गावानं त्याचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

मष्णूनं खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि अंगठ्यानं सावकाश वर सरकवत नेला. मग तो मारुतीरावांच्या हातात दिला.

वार धरल्याचा निरोप गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अठरा दिवसांपूर्वी आला होता. त्याखाली सर्वांत आधी जोडलेले हात परशरामचे होते.