गुंड्याची तहान

सकाळी उठून बघते तर गुंड्याचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. गेले काही महिने हा आमचा म्हातारा कुत्रा रात्रभर पाणी ढोसत होता आणि सासूबाई त्याच्या लघवीची घरभरची थारोळी पुसत होत्या.

"आई, भांडं तुम्ही भरलंत?"

"नाही बाई. तो प्यायलाच नाही."

ही अति तहान लावणाऱ्या कुशिंग नावाच्या आजारावर कॅप्सूल सुरू करतानाच प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोस जास्त झाला तर कुत्रा मलूल पडतो, खाणं सोडतो, लगेच कळवा. मी फोन लावला.

"खाल्लं का त्याने?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं? माझी भाकरी पळवली मेल्याने!" मागून आई ओरडल्या.

डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. "मग रडताय कशाला? औषध लागू पडलंय!"

चांगली बातमी आली की आई देवापुढे साखर ठेवतात आणि कारणही मोठ्याने सांगतात. नातवाचा निकाल, लेकाची बढती. आज वाटी ठेवून जरा अडखळल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "देवा, काल आमच्या गुंड्याला तहान लागली नाही."