तळहातावरची खूण
सुरतजवळच्या उधन्याच्या लूमच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नसे. समोरच्या मागावरच्या उखर्डूने तळहातावर अंगठा फिरवून दाखवला की सुकदेव समजायचा, तंबाखू मळून झाली. एकवीस वर्षं त्यांची दोस्ती त्या एका चिमटीवर चालली. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी सुकदेवने चुन्याची डबी खाडीत भिरकावली, आणि मित्राला मोह नको म्हणून उखर्डूने खूण करणं सोडलं. प्रार्थना करकरून सुकदेवची तंबाखूची तलफ गेली. उखर्डूच्या सोबतीची तलफ मात्र काही जाईना. आज सुकदेवनेच समोर बघत तळहातावर अंगठा फिरवला. उखर्डू धावत आला नि कानाशी ओरडला, "भो, आते येशूले काय सांगशी?" सुकदेवने तळहातावर फुंकर मारली. लाल सालं उडाली, खाली भाजलेले शेंगदाणे उरले. दोघांनी एकेक चिमूट उचलली आणि एकाच वेळी, जुन्या सवयीने, थेट खालच्या ओठाआड दाबली.