अर्धी पायरी

"कालव्याच्या तुटक्या पायरीवर रोज दिवा लाव गं, अंधारात कुणी पडायला नको." सासूबाईंनी जाताना एवढंच मागितलं. अकरा वर्षं मी हे व्रत पाळतेय.

यंदा नगरपरिषद आणि पाटबंधारे खात्याने कालव्यासाठी भागीदारी केली. दोघांचे साहेब टेप घेऊन आले. पायरी अर्धी एकाच्या हद्दीत, अर्धी दुसऱ्याच्या निघाली.

"मग दोघांनी मिळून बांधा ना," मी हळूच म्हटलं.

"मावशी, भागीदारी देखभालीची आहे, बांधकामाची नाही."

तेवढ्यात त्यांना माझा दिवा दिसला. "सुरक्षेची सोय आहे की!" म्हणत त्यांनी तसं लिहूनही टाकलं. तिथे मंजूर झालेला विजेचा खांब रद्द झाला. मला नऊवारीवर चमकतं जाकीट घातलं, गळ्यात शिट्टी अडकवली. फोटोसाठी मागे सरकताना मोठे साहेब त्याच पायरीवरून घसरले आणि गुडघाभर पाण्यातून ओरडले, "अहो, शिट्टी वाजवा!"

मी वाजवली.

घरी आल्यावर सासूबाईंच्या तसबिरीपुढे बसले. त्यांना दिवा कुठे हवा होता? कुणी पडू नये, एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी जाकीट घातलं, निरांजन घेतलं, आणि कमरेवर कालवलेल्या सिमेंटचं घमेलं ठेवून मी निघाले.