वाकड्या तोंडाचा जावई

आमच्या अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या शंकरराव वाकड्यांच्या इलाने डंकन कॅम्बेलशी लग्न ठरवलं, तेव्हा बापाने तोंड इतकं वाकडं केलं, की तीन दिवस चहा तोंडाऐवजी कानात जात होता. खोटं वाटत असेल तर अंजनाकाकूंना विचारा, नवऱ्याचा कान त्याच पुसत होत्या.

चौथ्या दिवशी डंकन घरी आला. शंकररावांनी तिरक्या ओठांनीच विचारलं, "कॅम्बेल म्हणजे काय रे? काही अर्थबिर्थ?"

"आमच्या स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत," डंकन लाजत म्हणाला, "वाकड्या तोंडाचा."

शंकरराव ताडकन उठले. "अगं, म्हणजे हा वाकडेच निघाला! एकाच कुळात सोयरीक? लग्न कॅन्सल!"

"बाबा, आर यू सिरियस?" इला रडवेली झाली.

अंजनाकाकूंनी चहाचा कप नवऱ्यापुढे धरला. "अहो, तुम्ही तेवढं तोंड सरळ करा, म्हणजे कूळ आपोआप वेगळं होईल."

शंकररावांना हसू फुटलं. हसताहसता तोंड जागेवर आलं, चहा बरोबर तोंडात गेला आणि ते गरजले, "साखर कुठाय यात? जावयाला असला चहा पाजणार आहेस?"