न जाळलेलं पान

चाळीस वर्षं घरच्या पोकरमध्ये पत्ते वाटले ते आमच्या ह्यांनी. आता पत्ते वाटते ती सून केतकी. तिने टेबलावर तीन पानं उघडली आणि माझ्या हातातल्या दोन एक्क्यांना तिसरा मिळाला. पण उघडण्याआधी वरचं पान जाळायचं, म्हणजे न बघता बाजूला ठेवायचं, ते केतकी विसरली.

"पान जाळलं नाहीस!"

खुर्चीत बसलेले हे बोलले होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठ महिने ह्यांच्या तोंडून माझं नावही निघालं नव्हतं.

मुलाचा चहा सांडला. "बाबा?"

"डाव मोडा. गाढवांनो, इतकी वर्षं काय शिकलात?"

एरवी मी एक्क्यांसाठी भांडले असते. आज पानं टाकून दिली आणि पत्ते पिसणाऱ्या केतकीच्या कानाशी वाकले.

"याही डावात जाळायला विसर हं."