तीन अधिक √२

हेमलताबाईंनी फळ्यावर लिहिलं, तीन अधिक √२. मग त्या वर्गाकडे वळल्या. "ही बेरीज अपरिमेय आहे, हे सिद्ध करायचंय. म्हणून आधी मानू, की ती परिमेय आहे."

नववीतल्या कुंदाला हे काही पटेना. "बाई, खोटं आहे हे माहीत असून मानायचं काहून?"

"मानल्याशिवाय खोटं पकडता येत नाही. बघ, परिमेयातून परिमेय वजा केलं, तर उरतं तेही परिमेयच असायला हवं. आपण तीन वजा केले. उरलं √२, ते तर अपरिमेय! आली विसंगती. म्हणजे मानलेलंच चूक."

कुंदानं मान डोलावली. तेवढ्यात दारात अण्णा दिसले. सासरे कारखान्याच्या खाकी कपड्यांतच शाळेत आलेले पाहून हेमलताबाई खडू ठेवून बाहेर गेल्या.

व्हरांड्यात अण्णांनी कागद पुढे केला. सिव्हिल लाइन्समधल्या फौजेच्या कचेरीतून तो आला होता. लढाई संपून दीड वर्ष झालं, लढाईत बेपत्ता झालेले जवान श्रीकांत यांना आता मृत मानण्यात येत आहे. खाली पत्नीची, म्हणजे हेमलताबाईंची, सही हवी होती.

"करून टाक, सूनबाई. तुझी सासू अजून रोज इटारसीच्या गाडीला स्टेशनावर जाऊन राहिली. आता बास. पोराचे दिवस करू दे मला."

हेमलताबाईंनी कागद तीनदा वाचला. मग अण्णांच्याच खिशातलं पेन घेऊन सही केली. टोपण लावून पेन त्यांना परत दिलं.

अण्णांचे डोळे भरून आले. "म्हणजे तूही मानलंस."

"मानलं, अण्णा. आता विसंगतीची वाट बघायची."

"ते काय असते?"

"मानलेलं खोटं असलं, तर पुढे कुठेतरी अडतंच. आत्ता तेच शिकवत होते."

अण्णांना यातलं किती कळलं कोण जाणे. कागदाची घडी करता करता त्यांनी विचारलं, "मग किती दिवस वाट बघायची, बेटा?"

हेमलताबाईंनी खिडकीतून आत पाहिलं. कुंदा फळ्यावरची सिद्धता वहीत उतरवून घेत होती.

"गणितात विसंगती दोन ओळींत येते, अण्णा."